पाण्यातले गडी

व्हेरोनिकानं मासे परत आणले ते शिजवून आणले.

पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात शकू नेहमीच्या जागी बसली होती. टोपलीत सहा-सात बोयटं उरलेली, वर ओलं फडकं. व्हेरोनिकानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि शकूच्या नाकाखाली धरला. आत लाल कालवण होतं.

"वास घे."

शकूनं घेतला. रॉकेलच्या डब्यात मासा उकडला असता तर असाच वास आला असता.

"अख्ख्या घरात सुटलाय. आमचे हे जेवणावरून उठले. वीस वर्षं तुझ्याकडून घेते गो मी, कधी खोट काढली?"

"नाय काढली."

"मग?"

व्हेरोनिकानं झाकण लावलं, डबा परत पिशवीत ठेवला आणि पैसे न मागता निघून गेली. शेजारी बसलेल्या बाईनं आपली टोपली चार बोटं पलीकडे सरकवली. शकूला डब्यापेक्षा ती चार बोटं जास्त लागली.

उरलेली बोयटं तिनं परतीच्या वाटेवर नाल्याकाठी ओतली. दोन कुत्री आली, हुंगून निघून गेली.

घरी तिचा नवरा धर्मा ओटीवर पाय सोडून बसला होता. रिकामी टोपली बघून म्हणाला, "खपली?"

"खपली," शकू म्हणाली.

खाडीकाठचं तीन एकरांचं खाजण गावकीचं, पण त्याची उघाडी तीन पिढ्या धर्माच्या घराकडे. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं फळ्यांचं दार. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला फळ्या उचलायच्या, खाडी आत घ्यायची. पाण्याबरोबर कोळंबी येते, बोयटं येतात, खरबी येते. मग फळ्या टाकून पाणी कोंडायचं. गावकीचा वाटा गावकीला, उरेल ते घरचं. धर्माला दुसरं काही येत नव्हतं. जिथं त्याच्या बापाचं भात होतं तिथं आता चाळी होत्या.

श्रावणातल्या उधाणाला पाण्याबरोबर तेल आलं. नाल्याच्या वरच्या अंगाला कंपन्यांचे जुने ड्रम धुणारी एक शेड होती. तिचा घाणीचा खड्डा पावसात फुटला. फुटला असं म्हणायचं. फोडला असं म्हणायला कोणी तयार नव्हतं, कारण अर्ध्या गावाची पोरं तिथं कामाला. धर्माचा मुलगा भूपेशही तिथंच. खड्डा रिकामा होत होता तेव्हा भूपेश हातात ब्रश घेऊन उभा होता. घरी येऊन तो जेवला आणि झोपला. सकाळी धर्मानं स्वतःच्या हातानं फळ्या उचलल्या.

देवळासमोर गावकी बसली. धर्माचा चुलतभाऊ शांताराम गावकीचा पुढारी होता. पायात बूट घालून तो पारावर बसायचा.

"बिल्डर भराव टाकायला तयार हाय," तो म्हणाला. "नायतरी आता खाजनात काय उरलंय? डास."

ज्ञानदा त्या दिवशी आली होती. वसईत फ्लॅटमध्ये राहणारी, मुंबईच्या कॉलेजात जंतूंचा अभ्यास करणारी मुलगी. खाडीचं पाणी बाटल्यांत भरून न्यायला ती दोन वर्षं येत होती आणि शकूच्या पडवीत चहा पिऊन जात होती.

"तेल खाणारे जंतू असतात," ती उभी राहून म्हणाली. "या खाडीतसुद्धा आहेत, पण थोडे. आपण ते वाढवून खाजणात सोडायचे."

"तेल खाऊन हागतात काय?" मागून कोणीतरी विचारलं.

पारावर हशा झाला. ज्ञानदा हसली नाही. "थोडा वायू, थोडं पाणी. बाकी काही नाही."

"मग शेडवाल्याच्या बंगल्यात सोड बाय थोडे. तो लय तेलकट हाय."

पुन्हा हशा. भूपेश खाली बघत होता.

शांतारामनं हात वर केला. "पौषातल्या पुनवेला गावकी परत बसंल. त्याच्या आधी ठान्याचा प्रदूषनवाला साहेब येऊन पानी तपासंल. साफ हाय असा कागद दिला तर खाजन ऱ्हाईल, उघाडी धर्माकडं ऱ्हाईल. नाय दिला तर भराव. चालंल ना धर्मा?"

धर्मा म्हणाला, "चालंल." तिथं दुसरं काय म्हणता येतं?

आधी वरचं जाड तेल काढायचं होतं. शकूनं आणि धर्मानं भाताच्या पेंढ्याचे मांडीएवढे जाड दोर वळले. दोघं दोन टोकं धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि दोर ओढत काठाला आणायची. पेंढा तेल प्यायचा, काळा आणि जड व्हायचा. तो बांधावर फेकायचा, दुसरा घ्यायचा. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आणि खाली कोमट काळं पाणी. तिसऱ्या दिवशी शकूच्या गुडघ्यांमागची कातडी सोलली. धर्माच्या पायांची नखं काळी झाली आणि तशीच राहिली. संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्यानं एकमेकांच्या पाठी पुसायच्या, मग साबण. पाठ पुसताना दोघं बोलायची नाहीत. अकरा दिवस हेच चाललं.

भूपेश सुट्टीच्या दिवशी मदतीला आला. पाण्यात पाय टाकणार तोच धर्मा म्हणाला, "तू नको."

"का?"

"तू रोज तेच काम करतंस. एक दिस अंग सुकू दे."

ते प्रेमानं म्हटलं की रागानं, भूपेशला कळलं नाही. तो बांधावर बसला आणि काळा पेंढा रचत राहिला.

ज्ञानदानं अंगणात एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणून ठेवला. त्यात खाजणाचं पाणी, युरिया, सुपरफॉस्फेट आणि तिनं बाटलीतून आणलेलं पिवळसर विरजण. "काकू, यांना रोज एक पळी डिझेल घालायचं. जास्त नाही. आणि दिवसातून तीनदा बांबूनं ढवळायचं, दोनशे वेळा. हवा लागते त्यांना."

"दिसत तर नायत."

"दिसणार नाहीत. पण आहेत."

"किती असतील?"

"ड्रममध्ये? मुंबईत जेवढी माणसं आहेत त्याच्याहून जास्त."

शकू ड्रममध्ये बघत राहिली. एवढ्यांना एक पळी पुरते कशी, हे तिनं विचारलं नाही. तिच्या घरातही थोडक्यात भागवायची सवय होती.

पाच-सहा दिवसांनी पाणी दुधाळ झालं, वर फेस धरला. सकाळी घातलेली पळी संध्याकाळपर्यंत दिसेनाशी व्हायची. शकू बोट बुडवून बघायची, बोटाला तेलकट लागायचं नाही. ती त्यांना गडी म्हणू लागली. भात टाकायच्या आधी ती अंगणात जायची.

"गडी जेवले का?" धर्मा विचारायचा.

"जेवले."

"मंग मना वाढ. कोटीभर गडी ठेवलेत मी, शांतारामाकडं एक ड्रायव्हर हाय."

एवढी एकच थट्टा त्या हिवाळ्यात त्या घरात झाली, तीही रोज तीच.

मध्ये शकूला ताप आला. तीन दिवस ती उठली नाही. धर्मा खाजणात, भूपेश शेडमध्ये, ड्रमकडे कोणी बघितलं नाही. चौथ्या दिवशी फेस गेलेला, पाण्याला कुजका वास. ज्ञानदानं नळीत पाणी घेतलं, नेलं, दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "मेले काकू. खायला नाही, हवा नाही. उपाशी मेले."

शकूनं ड्रम उपडा केला, घासला, नव्यानं भरला. नवीन विरजण लागेपर्यंत आठवडा वाया गेला. त्यानंतर पळी कधी चुकली नाही. मावसभावाच्या लग्नातूनही ती दुपारचं जेवण सोडून ढवळायला परत आली. बायकांनी विचारलं, "घरी कोन हाय एवढं?" ती म्हणाली, "गडी हायत."

दर आठवड्याला अर्धा ड्रम भाताच्या कोंड्यात कालवायचा आणि बांधावरून बी पेरतात तसा मुठीनं खाजणात फेकायचा. मग पाण्यात उतरून बांबूला बांधलेल्या फळीनं पाणी हलवत फिरायचं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. धर्माचे दंड सुजायचे. शकूच्या तळहाताला घट्टे पडून ते फुटले. उघाडी बंद. अमावास्या आली, पुनव आली, खाडी बांधाला येऊन आपटली आणि परत गेली. धर्मा फळ्यांना हात लावून उभा राहायचा. आयुष्यात त्यानं उधाण असं तोंडावर परतवलं नव्हतं.

मार्गशीर्षात कडेचं पाणी आधी मोकळं झालं. चिखलातलं भोक दिसायला लागलं, त्यातली खेकडी दिसायला लागली. एका सकाळी मधोमध बोईट उडालं. धर्मा बांबू धरून थांबला. आणखी एक उडालं.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं," शकू म्हणाली. दोघं पुन्हा पाणी हलवायला लागली.

ज्ञानदानं पाणी नेऊन तपासलं. "तेल चार आलं," ती म्हणाली. "दहापर्यंत चालतं. आपलं चार."

तिला परीक्षेला पुण्याला जायचं होतं. साहेब सोमवारी येणार होते. पडवीत बाटल्या भरता भरता ती म्हणाली, "आता काही करायचं नाही. पाणी हलवायचंसुद्धा नाही. फक्त ड्रममध्ये पळी घालत राहा, ते पुढं लागतील."

"आनी खाजनातले?"

"त्यांचं काय?"

"त्यांचं तेल संपलं."

"संपलं की मरतात काकू. तसंच असतं ते." एवढं म्हणून तिनं बॅगेची चेन ओढली. तिची बस होती.

सोमवारी धर्मानं दाढी केली, पांढरा सदरा घातला. शकूनं पोहे भिजवले. साहेब आले नाहीत. दुपारी शांताराम बुटांचा चिखल झाडत अंगणात आला. "साहेबाचा निरोप हाय. गाडी नाय. पुढल्या सोमवारी." पुढल्या सोमवारनंतर दोन दिवसांनी पुनव होती. पोहे फुगून लगदा झाले होते. ते त्यांनी रात्री खाल्ले.

आणखी आठ दिवस. एवढे दिवस खाजणातल्यांना खायला काही नव्हतं.

शकूनं ड्रम मेलेला बघितला होता. तीन दिवसांत कुजका वास सुटला होता. इथं आठ दिवस, आणि खाजण ड्रमएवढं नव्हे, तीन एकरांचं. साहेब येईल, बाटली भरेल, आणि बाटलीत मेलेले. साहेब म्हणेल पाणी कुजलंय. हे एक झालं. दुसरं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. भाताच्या आवणीच्या शेवटच्या दिवशी चिखलात हात घालायला आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय बांध ओलांडू द्यायचा नाही, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. सासू स्वतः उपाशी राहायची, पण आलेल्याला जेवू घालायची. तीन महिने कोटीभर गडी त्या पाण्यात राबले. काम संपलं तसं त्यांना मरायला सोडायचं?

बुधवारी ती नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. ज्ञानदाच्या घरी तिच्या आईनं फोन उचलला.

"ती पुण्याला गेलीय. गुरुवारी नाही, पुढच्या गुरुवारी येईल. काय काम होतं?"

"खाजनातले उपाशी हायत. इचारायचं व्हतं, घालू का."

"कोण उपाशी आहेत?"

बूथवाला तिच्याकडे बघत होता.

"काही द्यायचं असेल तर द्या की," ज्ञानदाची आई म्हणाली. तिचा कुकर शिट्टी देत होता. तिनं फोन ठेवला.

ज्ञानदानं ठेवलेलं डिझेल तळाला होतं, ते ड्रमला लागणार होतं. शकू भूपेशला म्हणाली, "शेडमधनं एक कॅन तेल आन."

"कशाला, आये?"

"उघाडीच्या फळ्यांना लावायला. किडल्यात."

भूपेशनं शुक्रवारी पाच लिटरचा कॅन आणला. फळ्यांना दर वर्षी जळकं तेल लागायचंच, तो पुढं बोलला नाही.

शनिवारी दुपारी धर्मा सुताराकडं गेला होता. बांधावर कोणी नव्हतं. शकूनं पळी घेतली. ड्रमला एक पळी, तर खाजणाला किती, हे तिला येईना. म्हणून ती बांधावरून चालत गेली आणि दर चार पावलांवर एक पळी घातली. पंगतीत वाढतात तशी. शेवटी उघाडीपाशी आली तेव्हा कॅन संपला. तेल पसरलं, त्याला निळा-तांबडा रंग चढला. ड्रममधली पळी संध्याकाळपर्यंत जात होती. हे सोमवारपर्यंत जाईल, असा तिचा हिशेब होता.

रविवारी सकाळी धर्मा बांधावर गेला आणि तिथंच उभा राहिला. मग फळ्यांपाशी जाऊन खाली वाकून बघितलं. फळ्या घट्ट होत्या.

शकू मागून आली.

"उघाडी बंद हाय," धर्मा म्हणाला. "मंग आलं कुठनं?"

"मी घातलं."

त्यानं मान वळवली.

"जेवाया," ती म्हणाली. "उपाशी व्हते ते."

धर्मानं तिच्याकडं बघितलं. त्याचा हात थोडा उचलला गेला आणि परत खाली आला. तो घरी गेला, पेंढ्याचा दोर घेऊन आला आणि पाण्यात उतरला. दुसरं टोक त्यानं बांधावर टाकलं. शकूनं ते उचललं आणि उतरली. दुपारी भूपेश आला. बांधावर पडलेला आपला कॅन त्यानं बघितला. त्यानं पँट वर केली आणि तोही उतरला. या वेळी धर्मा नको म्हणाला नाही. अंधार पडेपर्यंत तिघं ओढत होती. पातळ तवंग पेंढ्याला धरत नाही. दोर पुढं गेला की मागं पुन्हा जुळतो.

सोमवारी अकरा वाजता साहेब आले. रात्रभर वारा खाडीकडचा होता, तवंग सगळा उघाडीच्या उलट्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला जमला होता. साहेबांनी गाडीतून उतरून तिथंच बाटली बुडवली. त्यांना चिखलात चालायचं नव्हतं.

"मधलं घ्या ना साहेब," धर्मा म्हणाला. "मी उतरतो. मी आनून देतो."

"तुम्ही आणलेलं चालत नाही."

"मंग इथलं नका घेऊ. इथं वाऱ्यानं आलंय."

"आलंय ना? म्हणजे आहे." साहेबांनी बूच लावलं, लेबल चिकटवलं.

शकू पुढं आली. पदर डोक्यावर घेतला. "मी घातलं साहेब. आधी साफ व्हतं. चार व्हतं. त्यांना खायला नव्हतं, तुमी आठ दिस आले नाय, म्हनून मी घातलं."

"कोणाला?"

"तेल खातात त्यांना."

साहेबांनी बरोबरच्या शिपायाकडं बघितलं. शिपाई तोंड फिरवून हसला. शांताराम मोठ्यानं हसला. "साहेब, आमची वैनी जंतूंना पंगत घालते."

"मावशी," साहेब म्हणाले, वाईट बोलत नाही अशा आवाजात, "आमच्या फॉर्मवर जेवणाचा रकाना नाही."

कागद बुधवारी सकाळी आला. तेवीस. संध्याकाळी गावकी बसली, कागद वाचला गेला आणि दहा मिनिटांत उठली. शेडच्या मालकाचं नाव त्या दहा मिनिटांत कोणी घेतलं नाही. पाच लिटर टाकणाऱ्या बाईचं मात्र सगळ्यांनी घेतलं. त्या दिवसापासून गावात शकूला जेवणवाली म्हणायला लागले. लहान मुलंसुद्धा.

गुरुवारी ज्ञानदा आली. ऐकून पडवीत खाली बसली. ठाण्याला दोनदा जाऊन आली. नव्यानं तपासणीला नवा अर्ज, दोन महिने लागतील, असं सांगितलं गेलं. "माझी चूक आहे काकू," ती म्हणाली. "मी नीट सांगायला पाहिजे होतं."

"तू सांगितलंस," शकू म्हणाली. "मरतात म्हनून."

खाजणातले मेले नव्हते. त्यांनी खाल्लं. दहा-बारा दिवस गेले आणि तवंग आधी फाटला, मग त्याचे पुंजके झाले, मग तेही गेले. धर्मा रोज जाऊन बघायचा, घरी सांगायचा नाही. शकूही जायची, वेगळ्या वेळी.

मग एका गुरुवारी सकाळी पहिली भरावाची गाडी रस्त्याला लागली. धर्मा तिच्या आधी पागाचं जाळं घेऊन पाण्यात उतरला होता. कमरेएवढ्या पाण्यात त्याला स्वतःचे पाय दिसत होते, काळी नखंसुद्धा. त्यानं पाच बोयटं धरली. मग उघाडीच्या फळ्या एकेक करून काढल्या, खांद्यावर घेतल्या आणि तीन खेपांत घरी आणल्या. भिंतीला टेकवून ठेवल्या. खाडी आत आली की नाही, हे त्यानं मागं वळून बघितलं नाही.

शकूनं आधी अंगणातल्या ड्रममध्ये पळी घातली, दोनशे वेळा ढवळलं. मग दोन बोयटं कापली, तीन टोपलीत ठेवून वर ओलं फडकं टाकलं. उद्या शुक्रवार होता.

तिनं कालवण केलं, ताट वाढलं. धर्मानं घास घेतला आणि सावकाश चावला. रस्त्यावर दुसरी गाडी रिकामी झाली, फळीवरची भांडी हलली.

"वास नाय," तो म्हणाला.

तिनं दुसरं बोईट त्याच्या ताटात घातलं.